विजेवरची स्कूटर घ्यावी का?

शाळेच्या स्टाफरूममध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कोणाची तरी जुनी स्कूटर कुरकुरू लागलेली असते, पेट्रोलचा खर्च दर महिन्याला पगारातून ठळकपणे वजा होत असतो, आणि मग विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना विचारले जाते, "विजेवरची घ्यावी का हो?" विज्ञान शिकवणाऱ्याला यंत्रांतले सगळे कळते अशी समजूत असल्याने उत्तर देणे भाग पडते. आम्हालाही हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्यांदा विचारला गेला, की एकदा वही-पेन घेऊन नीट हिशेब मांडावा असे ठरवले. तो हिशेब येथे देत आहोत. त्यातले आकडे जुळणीला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज धरले आहेत. तुमच्या गावचे, तुमच्या स्कूटरचे आकडे घालून तो पुन्हा करावा.

शहर म्हणून आम्ही पुणे घेतले आहे. दुचाकींचे शहर ही पुण्याची ओळख जुनी. १९७२ साली आलेल्या 'चेतक' स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. तिचे उत्पादन २००९ च्या सुमारास थांबले आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची, पण विजेवर चालणारी स्कूटर पुणे व बंगळूर येथे विक्रीला आली. जुन्या चेतकचे पेट्रोल संपले की ती एका अंगावर तिरकी करून टाकीतले उरलेसुरले पेट्रोल कार्बोरेटरकडे आणायचे आणि पंप गाठायचा, हे ज्ञान मागच्या पिढीत सर्वांना होते. नवी स्कूटर कितीही तिरकी केली तरी तिच्यातून आणखी काही निघत नाही. म्हणून ती घेण्याआधी हिशेब करावा लागतो.

जाहिरातींत साधारण तीन दावे असतात : एका चार्जिंगमध्ये अमुक इतके किलोमीटर, किलोमीटरला काही पैसे एवढाच खर्च, आणि प्रदूषण शून्य. एकेक तपासू.

किती किलोमीटर?

वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. अशा संस्थांत स्कूटर फिरत्या रोलरवर ठेवून एका ठरावीक क्रमाने चालवली जाते. 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' असे या क्रमाचे नाव आहे. त्यात वेग कधीही ताशी ४२ किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास राहतो. मागे कोणी बसलेले नसते, चढ नसतो, खड्डे नसतात. या चाचणीत १२० किलोमीटर जाणारी स्कूटर रोजच्या रस्त्यावर साधारण ८५ ते ९० किलोमीटर जाते. हा आकडा खोटा नसतो. तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. परीक्षेतले गुण आणि व्यवहारातली हुशारी यांत जो फरक आपण रोज पाहतो, तसलाच हा प्रकार.

अंतर कशाने कमी होते? बहुतेकांना वाटते, चढाने. पण आकडे वेगळे सांगतात. स्कूटर आणि दोन माणसे मिळून २५० किलो वजन १०० मीटर उंच चढवायला लागणारी ऊर्जा २५० × ९.८ × १००, म्हणजे सुमारे २,४५,००० ज्यूल. ही एका युनिटच्या पंधराव्या हिश्शाएवढी. मोटरमधला ऱ्हास धरला तरी १०० मीटरच्या चढाला सपाट रस्त्यावरच्या तीनेक किलोमीटरएवढीच वीज लागते. शिवाय उतारावर ब्रेक लावताना मोटरच जनित्र बनून त्यातला काही भाग बॅटरीत परत भरते. खरा खादाड आहे तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० च्या वेगाने गेलो तर वेग दीडपट आणि हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. टायरचे घर्षण मात्र जवळजवळ तेवढेच राहते. सगळे मिळून प्रतिकिलोमीटर वीज पावणेदोनपटीच्या आसपास लागते. नववी-दहावीच्या मुलांना हे उदाहरण पटकन पटते, आणि ते पटणे दुसऱ्याही कारणाने बरे.

शहरात रोज जाऊन-येऊन २५ किलोमीटर होणाऱ्याला ८५ किलोमीटर पुरून उरतात. पहिला दावा कापून घेतला तरी स्कूटर येथे उत्तीर्ण होते.

खर्च किती?

बॅटरी ३ युनिटची आहे असे धरू. ती भरताना चार्जर तापतो, बॅटरी थोडी तापते, म्हणून भिंतीतल्या प्लगमधून साडेतीन युनिट घ्यावे लागतात. तेवढ्यावर ९० किलोमीटर, म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे ४ युनिट. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असे मानले तर १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर लागतात.

विजेचा दर लावताना एक चूक नेहमी होते. बिलातला सर्वांत खालचा दर धरला जातो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. स्कूटरसाठी लागणारे युनिट हे घरातल्या दिवे-पंख्यांच्या वर पडतात, म्हणजे त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून युनिटला १२ रुपये आणि पेट्रोलला लिटरमागे १०५ रुपये धरू.

रोज २५ किलोमीटर जाणाऱ्याचे वर्षाला (३०० दिवस) ७,५०० किलोमीटर होतात. पेट्रोलला साडेसतरा हजार, विजेला ३,६०० रुपये. बचत सुमारे १४ हजार. शाळा घराजवळ असल्याने रोज ८ किलोमीटरच जाणाऱ्याची बचत मात्र साडेचार हजारांवर अडते. समजा दोन स्कूटरींच्या किमतीत ३० हजारांचा फरक आहे. पहिल्याला तो दोन-सव्वादोन वर्षांत वसूल होईल, दुसऱ्याला जवळजवळ सात वर्षे लागतील.

येथे लिथियम बॅटरीचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. ती वापराने झिजते, तशी नुसत्या काळानेही झिजते, आणि उन्हात तापत ठेवली तर जास्तच. स्कूटर कमी चालवली म्हणून बॅटरी त्या प्रमाणात जास्त वर्षे टिकेल असे नाही. स्कूटरच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचाच असतो. त्यामुळे थोडे चालवणाऱ्याची बचत वसूल होईपर्यंत बॅटरी म्हातारी झालेली असू शकते.

सरकारी अनुदानाचा भरवसा धरावा, तर तेही सारखे बदलत आले आहे. जून २०२१ मध्ये ते बॅटरीच्या दर युनिटमागे १५ हजार रुपये झाले, जून २०२३ मध्ये १० हजारांवर आले आणि एप्रिल २०२४ मध्ये ५ हजारांवर. ज्या वर्षी घ्याल त्या वर्षीची किंमत पाहूनच आकडेमोड करावी.

प्रदूषण शून्य?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते. म्हणजे १०० किलोमीटरला पेट्रोलची स्कूटर २० युनिट ऊर्जा जाळते आणि विजेची ४ युनिट वापरते. पाचपट फरक! पण ही तुलना अर्धवट आहे. वीज प्लगमध्ये जन्मत नाही. तारांमधला ऱ्हास धरला तर ४ युनिटसाठी केंद्रात ४.७ युनिट निर्माण करावे लागतात, आणि कोळशावरचे केंद्र उष्णतेचा जेमतेम ३५ टक्के भाग विजेत बदलते. म्हणजे कोळशाची १३ युनिट उष्णता लागते. फरक पाचपटीवरून दीडपटीवर आला.

कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. एक लिटर पेट्रोल जळले की तो २.३ किलो निघतो. १०० किलोमीटरला ५ किलोहून थोडा जास्त. भारतातल्या एकूण विजेची सरासरी काढली तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो. म्हणजे १०० किलोमीटरला ३.३ किलो. शंभर किलोमीटरमागे पावणेदोन ते दोन किलोंची बचत. त्यातून बॅटरी तयार करताना बाहेर पडलेला वायू वजा करायचा. बॅटरीच्या दर युनिटला ८० किलो धरले तर ३ युनिटचे २४० किलो. हे ऋण फिटायला सुमारे १३ हजार किलोमीटर चालावे लागते. (पेट्रोल शुद्ध करून वाहून आणताना होणारे उत्सर्जन आम्ही धरलेले नाही. ते धरल्यास पारडे विजेकडे आणखी झुकेल.)

तेव्हा 'शून्य' हा शब्द खोडावा लागेल, पण 'कमी' हा शब्द टिकतो. आणखी एक गोष्ट टिकते. शाळा सुटताना फाटकाशी पन्नास स्कूटरी एकदम सुरू होतात तेव्हा त्यांचा धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो. तो विजेच्या स्कूटरीतून येत नाही. मात्र लक्ष्मी रस्त्यावरचा धूर कमी होतो त्यातला काही भाग चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून बाहेर पडतो, तिथली राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते, हे पुणेकराने विसरू नये.

आग आणि दुरुस्ती

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक स्कूटर पेटली आणि देशभर चर्चा झाली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले गेले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी बनलेली जुनी स्कूटर स्वस्तात मिळते म्हणून घेताना याचा विचार करावा. दुरुस्तीचा प्रश्न रोजचा आहे. पेट्रोलची स्कूटर कोपऱ्यावरचा मेकॅनिक प्लग साफ करून सुरू करून देतो. विजेच्या स्कूटरीत बिघडायला भाग कमी, पण जे बिघडते ते कंपनीच्याच सेवा केंद्रात न्यावे लागते. ते केंद्र घरापासून किती दूर आहे, हे स्कूटर पाहण्याआधी पाहावे.

अडते ते प्लगपाशी

इथपर्यंतचा निकाल स्कूटरच्या बाजूने आहे. पण ज्यांनी आम्हाला विचारले त्यांतले बरेच जण शेवटी पेट्रोलच्याच दुकानात गेले, आणि त्याचे कारण वरच्या कुठल्याही हिशेबात नाही. त्यांच्याकडे रात्री स्कूटर उभी राहते तिथे प्लग नाही.

पेठांतल्या वाड्यात राहणाऱ्याची स्कूटर रस्त्यावर असते. चाळीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची बोळात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खिडकीतून वायर सोडणे धोक्याचे आहे. काही स्कूटरींची बॅटरी काढून घरात नेता येते. दहा किलोंची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर नेताना भौतिकीच्या हिशेबाने हजार ज्यूलसुद्धा कार्य होत नाही. गुडघ्यांचा हिशेब वेगळा असतो.

स्वतःची इमारत असली तरी सोसायटीची सभा असते. आम्ही राहतो त्या इमारतीत एका सभासदाने वाहनतळात प्लग मागितला तेव्हा तीन आक्षेप आले : इमारतीवर भार येईल, बिल कोण भरणार, आणि आग लागली तर? तिसरा आक्षेप गंभीर आहे. त्याला योग्य जाडीची वायर, अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा स्विच हे उत्तर आहे. दुसऱ्याला उपमीटर हे उत्तर. पहिला आक्षेप मात्र हिशेब न करताच घेतलेला होता. घरगुती चार्जर साधारण ७५० वॉटचा असतो, म्हणजे एका इस्त्रीएवढा. वीस स्कूटरी एकदम लावल्या तर १५ किलोवॉट होतात, हे खरे. पण रोज २५ किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरला रोज एकच युनिट लागते. वीस स्कूटरींची वीस युनिट रात्रीच्या आठ तासांत पाळीपाळीने दिली, तर भार अडीच किलोवॉट. इमारतीचा पाण्याचा पंप जवळपास तेवढाच असतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही.

या अडचणीचा परिणाम उलटा होतो. ज्याच्याकडे बंगला व स्वतःचा प्लग आहे तो बहुधा थोडेच चालवतो. त्याची बचत थोडी, आणि बॅटरीचे ऋण फिटायलाही त्याला पाच-सहा वर्षे लागतात. घरोघरी जेवण वा सामान पोचवणारा तरुण मात्र दिवसाला १२० किलोमीटर फिरला तर वर्षाला साठ-पासष्ट हजार रुपये वाचवू शकतो आणि सर्वांत जास्त धूर टाळू शकतो. पण तो चौघांच्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि त्याला तर दिवसातून दोनदा चार्जिंग लागते. तैवानमध्ये २०१५ पासून रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याची केंद्रे उभी राहिली, ती याच अडचणीवर. आपल्याकडेही काही शहरांत ती आली आहेत. अनुदान मात्र आजवर मुख्यतः वाहनाच्या खरेदीवर दिले गेले. ज्याला प्लग नाही त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

तर मग "घ्यावी का?" याला आमचे उत्तर असे : रात्री स्कूटर उभी राहते तिथे सुरक्षित प्लग असेल, रोजचे जाणे-येणे पंधरा-वीस किलोमीटरच्या वर असेल आणि सेवा केंद्र जवळ असेल, तर अवश्य घ्यावी. तीनपैकी पहिली अट नसेल तर बाकी दोन असून उपयोग नाही.

आणि ही अट पुरी करण्यात शाळा थोडा हातभार लावू शकते. आपली स्कूटर दिवसाचे सहा तास शाळेच्या आवारात, भर उन्हात उभी असते. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज देते, म्हणजे चार शिक्षकांचे २५ किलोमीटरचे येणे-जाणे. शेडवर पॅनेल आणि खाली नीट बसवलेले चार प्लग झाले तर कोळशाचा हिशेबही बराच बदलतो, आणि स्कूटरी सावलीत राहतील हे वेगळेच. खर्च किती येईल, विजेच्या बिलात किती फरक पडेल, किती शिक्षकांना उपयोग होईल, हे आठवी-नववीच्या मुलांना काढायला द्यावे. आठवडाभर प्रत्येक शिक्षकाचे किलोमीटर टिपून घेण्यापासून सुरुवात करता येईल.