अपरिचिताचा नाद आणि परिचिताची भूल

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘सुबोध की दुर्बोध’ या द्वंद्वातच अडकते. अर्थ कळण्यापूर्वीच असे शब्द जो श्रुतिसुखाचा अनुभव देतात, तो या चर्चेत निसटतो.

वऱ्हाडातील कापूसपट्ट्यात फवारणीबरोबर रुळलेला ‘मोनोक्रोटोफॉस’ हा शब्द पाहावा. ओळीने चार ओकार आणि अखेरीस ‘फॉस’ हे आघाती, बंद अक्षर. अर्थनिरपेक्ष वर्णावृत्तीचे हे सुख अनुप्रासाच्या जातीचे आहे. ‘फॉस’चा उगम फॉस्फरसमध्ये, आणि त्या ग्रीक नावाचा अर्थ ‘प्रकाश आणणारा’. शब्द उजेडाचा, वस्तू विषाची!

मग अशा शब्दांवर उतारा म्हणून साध्या बोलीचा पुरस्कार करावा काय? गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ (१९५५) या प्रश्नासंदर्भात महत्त्वाची ठरते. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य यांसारखे विषय तिने ओवीच्या घरगुती लयीत आणले. तेथील साधेपणा कृतीशी जोडलेला आहे. शब्द ऐकणाऱ्याच्या हाती खराटा यावा, ही त्यामागील अपेक्षा.

परंतु साधेपणा स्वभावतःच प्रामाणिक असतो असे नाही. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. हा शब्द परिचित, आश्वासक आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. ती एका शब्दावर लादणे अन्यायाचे होईल. तरीही विषाला औषध म्हणणारी भाषा सावधगिरीच्या बाजूने उभी राहत नाही, एवढे म्हणता येते.

श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये मांडलेली अपरिचितीकरणाची संकल्पना येथे उपयोगी पडते. सवयीने बोथट झालेली जाणीव कलेतील अनोळखीपणामुळे रेंगाळते व पुन्हा सजग होते, असे तो मानतो. विचित्र पारिभाषिक शब्द कलाकृती नसला, तरी जिभेला अडखळवून तो असाच विलंब घडवतो. त्याच्या नादाचे सुख म्हणून तुच्छ नाही. ते लक्ष वेधण्याची पहिली पायरी आहे. मात्र नादापाशीच थांबणारा रसिक आणि ‘औषध’ म्हणून निश्चिंत होणारा वाचक, दोघेही वस्तूपर्यंत पोहोचत नाहीत. परिभाषेच्या समीक्षेने शब्द सोपा आहे की अवघड, एवढेच विचारू नये. तो आपल्याला वस्तूकडे नेतो की तिच्यापासून दूर ठेवतो, हे तपासावे.