मिशिमाच्या कादंबऱ्यांतील आलयविज्ञान

युकियो मिशिमा (१९२५–१९७०) यांच्या ‘होजो नो उमि’ या चार कादंबऱ्यांच्या मालेंत तरुणपणीं वारलेला कियोआकि पुढें निराळ्या देहांनीं येतो. मित्र होंडा त्यास डाव्या कुशीवरील तीन तिळांवरून ओळखतो. तिसऱ्या भागांत (१९७०) या पुनर्जन्मास योगाचारांच्या आलयविज्ञानाचा आधार दिला आहे.

आमचा आक्षेप तिळांवर आहे. वसुबंधूच्या ‘त्रिंशिके’प्रमाणें आलय ओघासारखें वाहतें, पुढें जाते ती बीजरूप वासना. देहावरची खूण जशीच्या तशी उमटणें ही पुराणकथेंतील युक्ति होय. तीवरून वाचक देहांतर करणारा आत्माच समजेल, आणि आत्मा तर हें शास्त्र मानीतच नाहीं! चौथ्या भागांतील तोरू तीच खूण असूनहि बहुधा खोटा ठरतो. तेव्हां ग्रंथकारासहि ही शंका आली असावी.

ओघ मात्र त्यानें नीट पकडला आहे. मरतांना कियोआकि धबधब्याखालीं भेटीचें वचन देतो. होंडास तें पुन्हा आठवतें तें आमच्या अजिंठ्यास, तेथील प्रपातापाशीं. पानेंच्या पानें केलेल्या शास्त्रचर्चेनें न साधलेलें या एका प्रसंगानें साधलें आहे.

अखेरीस वृद्ध होंडा होस्सो, म्हणजे जपानांतील विज्ञानवादी, पंथाच्या मठांत जातो. तेथील अधिष्ठात्री सातोको ही कियोआकीची पूर्वीची प्रेयसी. ती म्हणते, असा कोणी आपणांस ठाऊकच नाहीं. कोणी यांत निव्वळ शून्यवाद पाहतील. पण अर्हत्पदीं आलयाची व्यावृत्ति होते, असें ‘त्रिंशिका’ सांगते. ओघच थांबल्यावर कोणीं कोणास ओळखावें? सातोको त्या पदास पोंचली कीं केवळ विसरली, हें ग्रंथकारानें उघड केलें नाहीं, तें आम्हांस पसंत आहे.