‘चा’ आणि ‘साठी’: एका करनियमाची अर्थमीमांसा

नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांमधील भेद ब्रिटिश न्यायालयांनी दोन शब्दबंधांत साठवून ठेविला आहे: ‘कॉन्ट्रॅक्ट ऑफ सर्व्हिस’ आणि ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर सर्व्हिसेस’. दोहोंत मुख्य अंतर आहे ते एका चिमुकल्या संबंधदर्शक शब्दाचे. मराठीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘सेवेचा करार’ यातील षष्ठी माणसाला सेवेशीच बांधते. ‘सेवांसाठी करार’ यातील चतुर्थ्यर्थी ‘साठी’ त्याला प्रयोजनापुरते जोडते, आणि प्रयोजन सरले की मोकळे करते. व्याकरणातला हा भेद ब्रिटनमध्ये इ. स. २००० पासून करदायित्वाचा प्रश्न होऊन बसला आहे.

स्वतःची मर्यादित कंपनी स्थापून तिच्यामार्फत काम करणारा कंत्राटदार, मग तो संगणकतज्ज्ञ असो वा दूरचित्रवाणीवरील निवेदक, कंपनीकडून बहुधा अल्प वेतन घेतो आणि उरलेला नफा लाभांशरूपाने उचलतो. लाभांशावर राष्ट्रीय विम्याची वर्गणी बसत नाही. शेजारच्या मेजावर तेच काम करणाऱ्या नोकराच्या वेतनावर मात्र नोकर आणि मालक या दोघांनाही ती भरावी लागते. या विषमतेवर उपाय म्हणून तत्कालीन इन्लंड रेव्हेन्यू खात्याने ९ मार्च १९९९ रोजी अर्थसंकल्पासोबत ३५ क्रमांकाचे प्रसिद्धिपत्रक काढले. ‘आयआर ३५’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. ६ एप्रिल २००० पासून हे नियम अमलात आले. त्यांचा हेतू न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. आक्षेप आहे तो अर्थनिर्णयाच्या पद्धतीवर.

नियम असा प्रश्न विचारतो: कंपनी मध्ये नसती आणि कंत्राटदार व काम देणारी संस्था यांच्यात थेट करार झाला असता, तर तो नोकरीचा ठरला असता काय? उत्तर होकारार्थी आल्यास प्राप्ती वेतनवत मानली जाते. मराठी व्याकरण ज्याला संकेतार्थ म्हणते, नेमक्या त्या अर्थावर येथे करदायित्व उभारलेले आहे.

लिखित शब्दांपलीकडे जाऊन पाहणे मुळीच गैर नव्हे. २०११ च्या ‘ऑटोक्लेन्झ’ खटल्यात मोटारी धुणाऱ्या कामगारांना करारपत्राने स्वतंत्र व्यावसायिक म्हटले होते; सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष व्यवहार पाहून त्यांना कामगाराचे हक्क दिले. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत, तेथे मुख्यार्थाला बाध आला होता. म्हणून अन्य अर्थाचा आश्रय उचित होता. ‘आयआर ३५’ ला अशा बाधाची गरजच नाही. कंपनीचा करार खरा, वैध आणि दोन्ही पक्षांना मान्य असला तरी त्याच्या शेजारी कोणीही न केलेला दुसरा करार कल्पिला जातो, आणि कर आकारला जातो तो या दुसऱ्याच्या अर्थावर.

त्या कल्पित कराराच्या कसोट्याही सैल आहेत. ‘रेडी मिक्स्ड काँक्रीट’ खटल्यात (१९६८) न्यायमूर्ती मॅकेन्ना यांनी मोबदल्यासाठी स्वतः केलेले काम, पुरेसे नियंत्रण आणि उर्वरित अटींची नोकरीशी सुसंगती, अशा तीन कसोट्या सांगितल्या. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. फुटबॉल-पंचांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एकेका सामन्याच्या करारातही परस्परबंधन व पुरेसे नियंत्रण आढळू शकते असे ठरविले. तथापि ते करार नोकरीचे होते काय, याचा निर्णय खालच्या न्यायाधिकरणाकडे परत पाठविला.

मूळ नियमांत हा अर्थ लावण्याचे दायित्व कंत्राटदाराच्या कंपनीवर होते. करखाते साधारणतः चार वर्षे, निष्काळजीपणा आढळल्यास सहा आणि हेतुपुरस्सर चूक असल्यास वीस वर्षे मागे जाऊ शकते. म्हणजे वाक्य आज कल्पावे, आणि त्याचा अर्थ चुकला हे अनेक वर्षांनी कळावे! २०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात, आणि २०२१ मध्ये खाजगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या संस्थांच्या बाबतीत, अर्थ लावण्याचे काम काम देणाऱ्या संस्थेकडे गेले. खाजगी क्षेत्रातील लहान संस्थांपुरता जुनाच नियम राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये हे बदल रद्द करण्याची घोषणा झाली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली.

या सुधारणेने वाचक बदलला. वाचावयाचे वाक्य मात्र तेच अनुच्चारित राहिले. दायित्वाच्या भयाने संस्था सावध अर्थाकडे झुकते. असा कंत्राटदार नोकराप्रमाणे कर देतो, परंतु केवळ त्या निर्णयामुळे त्याला भरपगारी रजेचा वा अन्यायाने काढून टाकण्याविरुद्धचा हक्क मिळत नाही. करापुरती षष्ठी, हक्कांपुरती चतुर्थी! एकाच संबंधाला दोन विभक्ती लावण्याची ही मुभा हेच या नियमाचे खरे वैगुण्य होय. ज्या कल्पित कराराने कर देय होतो, त्याच कराराने हक्कही देय व्हावेत. एरवी समतेच्या नावाने केलेला हा नियम आपल्याच हेतूशी विसंगत राहील.