खोगीर आधी पालथं घालावं

खोगीर विकत घेणारा माणूस त्याच्याकडे वरून पाहतो. बैठक, कातड्याचा रंग, कडेची नक्षी, पितळी कड्या. ज्याच्या पाठीवर ते चढणार असतं त्या घोड्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला कळते ती फक्त खालची बाजू. हाताने घडवलेल्या कामाच्या खोगिराचं रसग्रहण करायचं, तर सुरुवात घोड्याच्या बाजूने करावी. खोगीर पालथं घातलं की कारागिराच्या डोक्यात काय होतं ते उघडं पडतं.

इथे वाचायला घेतलंय ते अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रांचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांवर, गुरं राखणाऱ्या घोडेस्वारांसाठी बनणारं खोगीर. स्पेनमधून मेक्सिकोत आणि मेक्सिकोच्या गुराख्यांकडून उत्तरेला गेलेला हा घाट. वजन साधारण पंधरा ते वीस किलो. शर्यतीच्या घोड्यावरचं इवलंसं जीन पाहिलेल्या माणसाला हा बोजा म्हणजे जनावरावर अन्यायच वाटेल. पण पालथ्या बाजूला या वजनाचा हिशेब मांडलेला असतो.

मेंढीच्या लोकरीचं अस्तर आणि त्याच्या आत दोन लांब लाकडी पाट्या, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक. मधे मोकळी पन्हळ. कण्याला काहीही टेकायचं नाही, भार घ्यायचा तो दोन्हीकडच्या स्नायूंनी. या पाट्या सरळसोट फळ्या नसतात. खांद्याजवळ त्या उभट कलतात, कमरेकडे जाताना आडव्या होत जातात, म्हणजे मधे त्यांना हलका पीळ असतो. दोन्ही टोकं किंचित वर उचललेली, चालताना ती रुतू नयेत म्हणून. पाट्या जितक्या लांब-रुंद, तितका भार जास्त जागेवर पसरतो. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्या माणसासाठी जड खोगीरच घोड्याला हलकं पडतं, ते असं.

भार वाटून देण्याचा हा हिशेब आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीत नवा नाही. 1897 साली इथून बार्शीला निघालेल्या बार्शी लाईट रेल्वेचा सगळा डोलारा याच विचारावर उभा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांसाठी नियम घातला, की इंजिन असो वा मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. वजन जास्त आसांवर वाटून दिलं, म्हणून हलक्या रुळांवरून भरपूर माल गेला. मौज अशी की हा कॅलथ्रॉप अट्टल घोडेवाला होता. तो अरबी घोड्यांची पैदास करायचा आणि 1920 साली त्याने घोड्याला सोबती नि मित्र मानणारं एक पुस्तकही लिहिलं. त्याने रूळ आखताना घोड्याची पाठ डोळ्यांसमोर ठेवली होती, असं म्हणायला पुरावा नाही. पण पाच टनांचा नियम आणि खोगिराची पाटी शेजारी ठेवली, तर दोन्हीमागची बुद्धी एकच दिसते. ज्याच्यावर भार टाकायचा, त्याच्या ताकदीपासून मोजायला सुरुवात करायची.

फरक आहे तो पुढे. रूळ जागचा हलत नाही. पाठ हलते. घोडा पाऊल टाकतो तेव्हा खांदा मागे सरकतो, वळताना एक बाजू आखडते, चढावर पाठीचा बाकच बदलतो. उभ्या घोड्यावर चपखल बसलेलं खोगीर चालत्या घोड्याला टोचू शकतं. खोगीर घडवायला शिकणाऱ्याला पाठीचा आकार तर घ्यावा लागतोच, शिवाय तो किती बदलेल याचा अंदाजही बांधावा लागतो.

या पाट्या, पुढची कमान आणि मागचा उंच काठ मिळून लाकडी सांगाडा तयार होतो. त्यावर न कमावलेलं कच्चं कातडं ओलं असताना ताणून शिवतात. वाळताना ते आकसतं आणि लाकडाला असं करकचून धरतं, की सगळे जोड एकजीव होतात. ही ताकद लागते पुढच्या कमानीवरच्या खुंटासाठी. गुराखी दोरीचा फास टाकून वासरू किंवा बैल पकडतो आणि दोरीचं दुसरं टोक त्या खुंटाला गुंडाळतो. क्षणात चार-पाचशे किलोंचं जनावर खोगिराला हिसका देतं. खुंट पुढे ओढला जातो, मागची बाजू उचलू पाहते. म्हणून अशा खोगिराला मागे, पोटाखालून आवळायचा दुसरा तंग असतो. आपल्याकडे घाट उतरताना खोगीर मानेवर घसरू नये म्हणून शेपटीखालून दुमची घेतात. तिथे दोरीची ओढ, इथे डोंगराचा उतार. प्रत्येक पट्टा कुठल्या तरी संकटाचं उत्तर असतो आणि पट्टे नीट पाहिले तर त्या मुलखातलं काम कळतं.

आता खोगीर सुलटं करू. बैठकीचं कातडं उचललं तर खाली आणखी एक बैठक सापडते. कातड्याचे थर एकावर एक चिकटवून, रापीने कडा तासून तासून तिला आकार दिलेला असतो. पुढे अरुंद, म्हणजे मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली लोंबतात. मागे रुंद, म्हणजे बूड टेकतं. मधला खोलगटपणा बोटभर चुकला तर स्वार सतत मागे रेलतो आणि त्याचं वजन घोड्याच्या कमरेवर जातं. खाली पाट्यांनी केलेली सगळी मेहनत वाया! या कलेतलं सर्वांत अवघड काम कायमचं झाकलं जातं. शिकाऊ आणि मुरलेल्या कारागिरातला फरक मात्र इथेच पडतो.

वरचं कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं लागतं. ते पाणी पितं, ओलेपणी हाताने दाबू तसं वळतं आणि वाळल्यावर घेतलेला आकार सोडत नाही. क्रोममध्ये कमावलेल्या मऊ कातड्याला हे जमत नाही. ही विद्या सोलापूरला परकी नाही. बाभळीची साल नि हिरडा घालून कातडं कमावायचं आणि चामड्याच्या वादीनेच शिवायचं, ही कोल्हापुरी चपलेची रीत. त्या चपलेला 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे. पायाला आणि पाठीला कातडं कसं सोसेल, हे जाणणारी बोटं इथेच आहेत.

उरली नक्षी. पानाफुलांची ही कोरीव कामं देखणी असतात, पण ती वाचायची सर्वांत शेवटी. खोगिराचा खरा अभिप्राय घोड्याच्या पाठीवर उमटतो. रपेट झाल्यावर खोगीर उतरवलं आणि घामाने भिजलेल्या पाठीवर मधेच कोरडा डाग दिसला, तर बहुधा तिथे दाब जास्त पडलाय. तो दाब रोज पडत राहिला तर त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात आणि बहुतेकदा ते जात नाहीत. अकलूजच्या घोडेबाजारात जाणता माणूस दात पाहतो, चाल पाहतो आणि पाठीवरून हातही फिरवतो. तो हात आधीच्या मालकाचं खोगीर कसं होतं ते वाचत असतो.

म्हणून शिकणाऱ्याने पहिल्यांदा आरी हातात घेऊ नये. वाकणारी पट्टी घोड्याच्या पाठीवर ठेवून तिचा बाक कागदावर उतरवावा. खांद्यामागे एक, मधे एक, कमरेजवळ एक. अमेरिकी घोडा रुंद पाठीचा; त्याच्यासाठी कातलेल्या पाट्या भीमेच्या खोऱ्यातल्या ठेंगण्या, काटक भीमथडी घोड्यावर जशाच्या तशा चढवल्या, तर हुबेहूब नक्कल होईल आणि पाठ सोलवटेल. धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन माळरान तुडवणाऱ्या या घोड्याला दोरीचा खुंट नको, दुसरा तंगही कदाचित नको. त्याला हवी मोकळी पन्हळ, त्याच्याच बाकाच्या पाट्या आणि चांगली दुमची. रांचच्या खोगिराकडून घ्यायचा तो घाट नव्हे. पाठीपासून सुरुवात करण्याची त्याची शिस्त घ्यायची. ती ज्याने घेतली त्याचं खोगीर दिसायला रांचसारखं राहणार नाही, आणि तेच त्याच्या शिकण्याचं प्रमाणपत्र.