गिळणारं विवर आलं कुठून?

मंडळी, विषयाची पाटी वाचून एकदोघांनी आत्ताच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं कृष्णविवराशी काय काम? काम आहे. खगोलशास्त्र सांगणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जाणार नाही. आम्हाला माग काढायचा आहे तो एका कल्पनेचा. अख्खा ग्रह आतून पोखरत गिळून टाकणारं कृष्णविवर विज्ञानकथेत कधी शिरलं, कुठून शिरलं, आणि कथेबाहेर पडून माणसांच्या मनात जाऊन बसलं तेव्हा काय झालं, हे आपण बघू.

पहिली गोष्ट अशी, की ही कल्पना जुनी नाही. वस्तू जुनी आहे, भीती नवी आहे. प्रकाशसुद्धा निसटू शकणार नाही इतका जड तारा असू शकेल, हे जॉन मिशेल या इंग्रज धर्मोपदेशकानं १७८३ साली मांडलं. १७९६ मध्ये लाप्लासनं तेच म्हटलं. १९३० साली एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर मुंबईच्या बंदरातून बोटीत बसला आणि वाटेत ताऱ्यांच्या मरणाचं गणित करत गेला. १९३९ मध्ये ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी कोसळत्या ताऱ्याचं गणित पुरं केलं. या दीडशे वर्षांत कुणालाही असं वाटलं नाही की ही वस्तू येईल आणि आपल्याला खाईल. का वाटलं नाही? कारण तोवर तिला नाव नव्हतं.

‘ब्लॅक होल’ हे नाव १९६०च्या दशकातलं. १९६७ नंतर जॉन व्हीलर यांनी ते रुळवलं. त्याच्या आधी रॉबर्ट डिक हे शास्त्रज्ञ आपल्या बोलण्यात अशा ताऱ्याची तुलना कोलकात्याच्या ‘ब्लॅक होल’शी करत, असं सांगतात. म्हणजे १७५६ सालची ती कुप्रसिद्ध कोठडी! आत गेलेला बाहेर येत नाही, एवढाच त्या उपमेचा अर्थ. आता बघा, कोठडी कुणाच्या मागे धावत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला ओढून घेत नाही. तुम्ही आत गेलात तर अडकलात, नाहीतर ती तिथे आणि तुम्ही इथे. ही उपमा शास्त्राच्या दृष्टीनं फार नेमकी आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर आपल्याकडे काळोख होईल, थंडी पडेल, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. ओढलीबिढली जाणार नाही.

मग कोठडीचं तोंड कधी झालं? आमचं म्हणणं, शब्द बदलला तसं चित्र बदललं. ‘होल’ म्हणजे भोक. भोकात वस्तू पडते. मराठीत आपण ‘कृष्णविवर’ म्हटलं. शब्द देखणा आहे, पण विवर म्हटलं की आपल्याला बीळ दिसतं, बिळातलं जनावर दिसतं. त्यातून आपण खाडीकाठची माणसं, भोवरा पाहिलेला असतो. भोवरा खेचतो. राहू सूर्याला गिळतो हे लहानपणापासून ऐकलेलं असतंच. म्हणजे गिळणाऱ्या विवराची अर्धी गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार होती.

उरलेली अर्धी शास्त्रानंच पुरवली, आणि ती मोठ्या विवरामुळे नाही, लहान विवरामुळे. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. ताऱ्याएवढ्या वजनाचं विवर कथेला फारसं उपयोगाचं नसतं; ते दूर असतं आणि जवळ आलं तर कथा सांगायला कुणी उरत नाही. १९७१ साली स्टीफन हॉकिंग यांनी मांडलं, की विश्वाच्या आरंभी अगदी चिमुकली कृष्णविवरंही तयार झाली असतील. किती चिमुकली? आपली अख्खी पृथ्वी दाबून कृष्णविवर करायची तर ती साधारण करवंदाएवढी होईल, त्रिज्या नऊ मिलिमीटर. आणि अब्जभर टनांचा एखादा डोंगर दाबला तर तो अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनएवढा! डोंगराचं वजन आणि आकार असा की डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. अशी वस्तू जमिनीवर ठेवताच येणार नाही. ती जमिनीतून आरपार पडत राहील. कथाकाराला याहून काय हवं?

१९७३ साली जॅक्सन आणि रायन या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक तर्क छापला. १९०८ च्या ३० जूनला सैबेरियात तुंगुस्का इथे जो प्रचंड स्फोट झाला, तो अशा लहान कृष्णविवरामुळे झाला असेल. तर्क टिकला नाही. तसं असतं तर ते विवर पृथ्वीच्या पोटातून जाऊन अटलांटिकमध्ये बाहेर पडलं असतं आणि तिथेही उत्पात झाला असता. तशी काही नोंद नाही. पण कल्पनेला टिकण्यासाठी खरं असावं लागत नाही. पृथ्वी आणि कृष्णविवर एका वाक्यात आले, तेवढं पुरलं.

आणि मग १९७४. जानेवारीत लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाची ‘द होल मॅन’ ही कथा ‘अ‍ॅनलॉग’ मासिकात आली. पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक मिळालं. ग्रह खाणाऱ्या लहान विवराची गोष्ट म्हणून आम्ही जिच्याकडे बोट दाखवू ती ही. मंगळावर माणसांची एक तुकडी आहे. त्यांना परग्रहवासीयांनी सोडलेलं यंत्र सापडतं, गुरुत्वलहरींनी संदेश पाठवणारं. त्या यंत्रात एक सूक्ष्म कृष्णविवर कोंडलेलं आहे असं लिअर नावाचा शास्त्रज्ञ म्हणतो. तुकडीचा प्रमुख त्याची खिल्ली उडवतो, त्याला चारचौघांत टोचून बोलतो. एक दिवस लिअर यंत्राचं बटण दाबतो. विवर सुटतं, प्रमुखाच्या देहातून आरपार जातं, आणि मंगळाच्या पोटात उतरतं. आता ते तिथे आत-बाहेर हेलकावे घेत थोडं थोडं खात राहणार.

लोक या कथेत मंगळ आठवतात. आम्हाला बटणावरचा हात आठवतो. ही मुळात एका खुनाची गोष्ट आहे. निसर्ग काही करत नाही. अपमान झालेला एक हुशार माणूस करतो, आणि त्याची किंमत एका ग्रहाला पडते. आमच्या मते कथेची ताकद इथे आहे, विवराच्या भुकेत नाही. पुढे या कल्पनेच्या आवृत्त्या पुष्कळ निघाल्या. डेव्हिड ब्रिनच्या १९९० सालच्या ‘अर्थ’ कादंबरीत प्रयोगशाळेतून निसटलेलं विवर पृथ्वीच्या पोटात जातं. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात तर डोळ्यांदेखत एक ग्रह आत मिटतो. चित्रपटात दृश्य मोठं झालं, हात मात्र लहान होत गेला. आम्हाला ती अधोगती वाटते. तुम्हाला वाटू नये, तो तुमचा अधिकार.

१९७४ च्याच मार्चमध्ये हॉकिंग यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कृष्णविवर झिजतं. त्यातून किरणोत्सर्ग होतो. जितकं लहान तितकं झपाट्यानं झिजतं, आणि शेवटी नाहीसं होतं. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर, तोरणावर कीर्तिमुख असतं ना? त्याची कथा आठवा. राहूला खायला शिवानं निर्माण केलेला तो भुकेला जीव. राहू शरण आला, तेव्हा शिवानं सांगितलं, स्वतःलाच खा. तो पायापासून खात गेला, तोंड तेवढं उरलं. लहान विवराची अखेरची गोष्ट राहूपेक्षा या कीर्तिमुखाच्या जवळची आहे, इथे तर तोंडही उरत नाही. पण ती कुणी फारशी लिहिली नाही. गिळण्याची गोष्ट विकली जाते, झिजण्याची नाही.

त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली मंगलाताईंनी. हा किस्सा सर्वांना पाठ आहे. आम्हाला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की मराठी विज्ञानकथेच्या या नव्या पर्वाच्या दारावरच कृष्णविवर उभं आहे, आणि ते उभं करणारा माणूस त्याचं गणित जाणणारा आहे. पृथ्वीच्या विनाशाची गाजलेली कथा लिहिताना मात्र नारळीकरांनी विवर घेतलं नाही, धूमकेतू घेतला. याला कारण असावं असं आम्ही मानतो. धूमकेतू खरोखर आदळू शकतो, त्याची कक्षा मांडता येते, त्याला ढकलता येतं.

‘धूमकेतू’मध्ये एक हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं, शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात आणि त्याची वाट बदलतात. इकडे त्या माणसाच्या घरी शांतियज्ञ चालतो. या कथेचा खरा विषय धूमकेतू नाहीच, भीती आहे. निव्हननं विचारलं, बटण कोण दाबतो? नारळीकर विचारतात, घाबरलेला माणूस काय करतो? हा आपल्याकडचा प्रश्न आहे.

पण एका ठिकाणी आमचं नारळीकरांशी पटत नाही. कथेतले शास्त्रज्ञ लोकांना सांगत नाहीत. सांगितलं तर घबराट होईल म्हणून. कथा हे शहाणपण म्हणून स्वीकारते. आम्ही म्हणतो, यज्ञ करणाऱ्या बाईला जर कुणी काही सांगितलंच नाही, तर तिनं दुसरं काय करावं? तिच्या हातात काय दिलंत तुम्ही? तिला अंधश्रद्ध म्हणणं सोपं आहे.

हा वाद पुस्तकी नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये तो आपल्या घरात आला. जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेत भुयारातलं मोठं यंत्र १० तारखेला सुरू व्हायचं होतं. त्यात कृष्णविवर तयार होईल आणि पृथ्वी गिळेल, अशा बातम्या वाहिन्यांवर दिवसचे दिवस चालल्या. लोक देवळात गेले, उपास केले. मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीनं जीव दिला. त्या बातम्या पाहून ती घाबरली होती, असं घरच्यांनी सांगितल्याचं छापून आलं.

त्या दिवशी यंत्रात प्रोटॉनचा झोत नुसता फिरवून बघायचा होता. टक्कर व्हायचीच नव्हती! आणि टक्कर झाली असती तरी काय? त्याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे विश्वकिरण साडेचार अब्ज वर्षं पृथ्वीवर आणि चंद्रावर आदळत आहेत. चंद्र जागच्या जागी आहे. हे शास्त्रज्ञांनी सांगितलं नाही असं नाही. अहवाल लिहिला, छापला. पण शास्त्रज्ञ सवयीनं अगदी मोजून बोलतो, आणि ऐकणारा त्या मोजण्यात फट शोधतो. ‘शक्य’ आणि ‘संभाव्य’ यांत अंतर आहे, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. वाहिनीवर ते अंतर एका जाहिरातीच्या वेळात मिटतं. कथेतलं विवर तिथे बातमी म्हणून आलं, आणि येताना कथेतला हात मागे राहिला. निव्हनच्या वाचकाला ठाऊक असतं, की दोष लिअरचा. त्या मुलीला सांगायला कुणी लिअर नव्हता, नुसतं तोंड होतं, सगळ्यांना खाणारं.

विज्ञानकथाकारांना यासाठी दोषी धरावं का? आम्ही धरणार नाही. कथेनं भीती दाखवावीच. निव्हनची कथा वाचून कुणी जीव दिला नाही. तिथे माणूस होता, कारण होतं, शेवट होता. ज्यांनी कथेचं सामान उचललं आणि कथा टाकून दिली, त्यांच्याकडे बोट जातं.

आता निव्हनच्या त्या यंत्राकडे एकदा बघा. १९७४ मध्ये गुरुत्वलहरी पकडणं ही परग्रहवासीयांची करामत होती. २०१५ च्या १४ सप्टेंबरला दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची लहर पृथ्वीवर खरोखर पकडली गेली. आणि तशी वेधशाळा आता आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायची आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मंजुरी दिली. तिथल्या गावात कुणी विचारेल, इथे काय पकडणार आहात? कृष्णविवर? ते सुटलं तर? या प्रश्नाला उत्तर देणारं पात्र मराठी कथेत आमच्या तरी वाचनात अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी वाचलं असेल तर आत्ता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.