पिंपाच्या तळाशी किल्ली नसेल तर?

परवा एका चित्रप्रदर्शनातून बाहेर पडताना मैत्रीण म्हणाली, “रंग चांगले आहेत, पण चित्रं खोटी वाटली.” मला तर ती फार आवडली होती. वाद नको म्हणून मी म्हणालो, “असो, आपापली आवड.” ती गप्प झाली. घरी येईपर्यंत वाटत राहिलं, आपण तिचं म्हणणं सभ्यपणे उडवून लावलं.

अभिरुचीवरच्या १७५७च्या निबंधात डेव्हिड ह्यूम ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट सांगतो. दोन जाणकार वाइन चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसऱ्याला लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते!

गोष्ट झकास, पण मला पुरत नाही. चित्रात किल्ली कुठून आणायची? कॅनव्हास खरवडून खोटेपणा निघत नाही. इथे कांट जास्त कामाचा. योगायोगाने १७९०च्या त्याच्या ग्रंथातही उदाहरण वाइनचंच आहे. वाइनबद्दल ‘मला आवडते’ म्हणून थांबता येतं. ‘सुंदर आहे’ म्हटलं की इतरांनाही तसं वाटावं, ही मागणी आलीच; आणि पुरावा तर देता येत नाही. मग हातात उरतं ते एवढंच: ‘इकडे ये, हे बघ.’

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. तिला मेसेज केलाय: खोटं नेमकं कुठे वाटलं, दाखवशील?