शंभर कोटी ठिपके आणि एक मोजपट्टी

‘नोत्र दाम लेझर स्कॅनमुळे वाचलं’ ही गोष्ट तुम्हीही फोनवर वाचली असेल. खरी आहे, पण अर्धीच. २०१० मध्ये कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पॅरिसचं हे कॅथीड्रल लेझरने मोजलं, शंभर कोटींहून जास्त बिंदू नोंदले. खांबांच्या रांगा कुठे सरळ नाहीत, तेही त्यातून कळलं. पण १५ एप्रिल २०१९ ला जळालं ते छताखालचं ओकचं लाकूडकाम. ते पुन्हा उभारताना रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो या वास्तुरचनाकारांनी २०१४ मध्ये तुळया मोजून केलेली रेखाटनं कामी आली. बाराव्या शतकातच दगड लोखंडी आकड्यांनी सांधले होते, हे तर आगीनंतर स्पष्ट झालं.

लेझरला फक्त पृष्ठभाग दिसतो. लाकडाचं वय त्यातली वलयं सांगतात, सांधा सुताराला कळतो, डागडुजीचा हिशेब जुन्या कागदांत असतो. माझा आक्षेप यंत्रावर नाही, एकट्या यंत्राला नायक करणाऱ्या गोष्टीवर आहे. ती खरी मानली, तर आपण फाइल जपू आणि वास्तू समजून घ्यायची राहूनच जाईल.